पोषणाचा अभ्यास भाकरीपासून सुरू करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वैद्यकीय आणि नर्सिंगच्या पहिल्या वर्षाची परीक्षा जवळ आली की बायोकेमिस्ट्रीतला (जीवरसायनशास्त्रातला) पोषण व चयापचय विकारांचा भाग 'सोपा' म्हणून शेवटच्या रात्रीवर ढकलला जातो. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या मराठी शाळांतून आलेली हुशार मुलेही जीवनसत्त्वे आणि रोगांचा तक्ता घोकून जातात. पेपरात 'कारण सांगा' आले की पेन थांबते, आणि गुण नेमके तिथेच असतात.

तक्ता मिटवून आपल्या ज्वारीच्या भाकरीपासून सुरुवात करावी. पेलाग्रा म्हणजे नायसिनची (जीवनसत्त्व बी-3) कमतरता: उन्हात उघड्या राहणाऱ्या त्वचेचा दाह, जुलाब, स्मृतिभ्रंश. इथवर सगळे लिहितात. पण शरीर ट्रिप्टोफॅन या प्रथिनांतल्या अमिनो आम्लापासूनही नायसिन बनवते, साधारण 60 मिलिग्रॅमपासून 1 मिलिग्रॅम, हे वाक्य आले की उत्तर उघडते. त्या वाटेवरच्या कायन्युरेनिनेज एन्झाइमला (रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनाला) बी-6 जीवनसत्त्व लागते आणि क्षयावरचे आयसोनायझिड हे औषध बी-6 निकामी करते, म्हणून ते घेणाऱ्या रुग्णाला पेलाग्रा होऊ शकतो. कार्सिनॉइड गाठीत (सेरोटोनिन हे रसायन बनवणाऱ्या ट्यूमरमध्ये) ट्रिप्टोफॅन सेरोटोनिनकडे वळते, हार्टनप या जन्मजात रोगात ते आतड्यातून नीट शोषलेच जात नाही. तीन वेगळी कारणे, रोग एकच. ज्वारीत ल्युसिन हे अमिनो आम्ल भरपूर असते आणि दख्खनच्या ज्वारी खाणाऱ्या गरीब वस्त्यांत पेलाग्रा दिसण्याशी त्याचा संबंध आहे, असे मत हैदराबादचे पोषणतज्ज्ञ डॉ. सी. गोपालन यांनी मांडले. सर्व संशोधकांना ते पटले नाही, म्हणून उत्तरात 'सिद्धांत' असाच उल्लेख करावा. यावरून भाकरी वाईट असे मात्र कुणी समजू नये. दोष नुसत्या भाकरीवर भागवावे लागण्याचा आहे. ज्वारीत लायसिन हे अमिनो आम्ल कमी, डाळीत मेथिओनिन हे कमी; भाकरीबरोबर आमटी किंवा झुणका असला की दोन्ही उणिवा भरून निघतात. प्रथिनांच्या परस्परपूरकतेला याहून चांगले उदाहरण पुस्तकात नाही.

मधुमेहातल्या किटोसिसचे (रक्तात किटोन हे पदार्थ वाढण्याचे) उत्तर बहुतेक वेळा अर्धेच असते. 'ॲसिटाइल-कोए वाढते' एवढ्यावर थांबू नका. इन्सुलिन नसल्याने चरबीच्या पेशींतले हॉर्मोन-सेन्सिटिव्ह लायपेज (चरबी तोडणारे एन्झाइम) मोकाट सुटते, फॅटी ॲसिड्स यकृतात येतात, बीटा-ऑक्सिडेशनने (त्यांच्या विघटनाने) ॲसिटाइल-कोएचा लोंढा तयार होतो. ऑक्झॅलोॲसिटेट (क्रेब्स या ऊर्जा देणाऱ्या चक्रात ॲसिटाइल-कोएला जोडून घेणारा रेणू) मात्र ग्लुकोज बनवण्याकडे खेचले गेलेले असते, म्हणून क्रेब्स चक्रात सगळे ॲसिटाइल-कोए सामावत नाही आणि मायटोकॉन्ड्रियात किटोन तयार होतात. यकृतात थायोफोरेज हे किटोन वापरायला लागणारे एन्झाइम नसल्याने स्वतः बनवलेले किटोन ते वापरू शकत नाही. तोंडी परीक्षेत इथे हमखास विचारतात: लघवीतले किटोन शोधणारी रोथेरा चाचणी काय पकडते? ॲसिटोॲसिटेट आणि ॲसिटोन. बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट हा तिसरा किटोन ती पकडतच नाही, म्हणून गंभीर रुग्णातही रंग फिका येऊ शकतो.

प्रात्यक्षिकात बेनेडिक्टची (लघवीतली साखर शोधणाऱ्या चाचणीची) चूक नेहमीची. 5 मिली द्रावणात लघवीचे 8 थेंब, 2 मिनिटे उकळणे, गार झाल्यावर रंग पाहणे. लघवी अंदाजाने ओतली की रंगावरून प्रमाण सांगता येत नाही. नवजात बाळात बेनेडिक्ट होकारार्थी आणि ग्लुकोजची पट्टी नकारार्थी आली तर गॅलॅक्टोसेमियाचा (गॅलॅक्टोज ही दुधातून मिळणारी साखर वापरता न येण्याच्या जन्मजात विकाराचा) विचार करायचा, कारण पट्टीतले ग्लुकोज ऑक्सिडेज फक्त ग्लुकोजवर काम करते. अशा बाळाचे दूध, आईचेसुद्धा, थांबवावे लागते.

जन्मजात विकारांसाठी कोऱ्या कागदावर प्रत्येक वेळी एवढेच लिहावे: कोणते एन्झाइम नाही, त्याच्या मागे काय साचते, पुढे काय कमी पडते. वॉन गिर्के रोगात ग्लुकोज-6-फॉस्फटेज (यकृतातून ग्लुकोज मोकळे करणारे एन्झाइम) नाही. पुढे ग्लुकोज कमी, म्हणून उपाशीपोटी साखर घसरते. मागे ग्लुकोज-6-फॉस्फेट साचते, त्यातून लॅक्टिक आम्ल, चरबी आणि यूरिक आम्ल वाढते. लक्षणे पाठ करावीच लागत नाहीत.

आकडे थोडेच, पण अचूक हवेत. प्रौढाला प्रथिने दर किलो वजनामागे रोज 0.83 ग्रॅम, 6 महिने ते 5 वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर 11.5 सेंमीपेक्षा कमी म्हणजे तीव्र कुपोषण. भारतीयांसाठी कमरेची मर्यादा पुरुषांत 90 आणि स्त्रियांत 80 सेंमी. परदेशी पुस्तकातले मोठे आकडे इथे लिहू नयेत.

पेपर इंग्रजीत असला तरी ही साखळी आधी मराठीत मोठ्याने सांगता आली पाहिजे, मगच ती इंग्रजीत उतरवावी. कन्नड माध्यमातून आलेल्या मुलांची अडचणही हीच आहे. महाविद्यालयांना कळकळीची विनंती आहे, परीक्षेपूर्वीच्या आठवड्यांत या मुलांसाठी रोज अर्धा तास ठेवावा आणि फळ्यावर एन्झाइमचे नाव लिहून पुढची साखळी त्यांच्याच तोंडून, त्यांच्या भाषेत म्हणवून घ्यावी.

आपले,
बायोकेमिस्ट्रीचे काही शिक्षक, बेळगाव