राजीनाम्याआधी तपासणी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

21 सप्टेंबरच्या जागतिक अल्झायमर दिनाला जी छायाचित्रे छापून येतात, त्यांत बहुधा पिकल्या केसांचे आजी-आजोबा असतात. पण स्मृतिभ्रंश, ज्याचा अल्झायमर हा एक प्रकार, पासष्टीच्या आत, पन्नाशीत आणि क्वचित चाळिशीतही सुरू होऊ शकतो. तेव्हा घराचे हप्ते चालू असतात, मुले शिकत असतात. ठाणे-नवी मुंबईतील अशा कुटुंबांना आम्ही मार्गदर्शन करतो. त्यांना पहिले सांगणे हेच असते : निदान होईपर्यंत राजीनामा देऊ नका.

हा आजार बऱ्याचदा आधी कामावर दिसतो, आणि तो विसरभोळेपणासारखा दिसेलच असे नाही. मुरलेला हिशेबनीस एका रकान्यातला आकडा दुसऱ्यात वाचू लागतो. चष्मा बदलला तरी फरक पडत नाही, कारण बिघाड डोळ्यांत नसून मेंदूच्या मागच्या भागात असतो. शांत स्वभावाचा फोरमन चारचौघांत अद्वातद्वा बोलतो, पैसे उधळतो. मेंदूचा पुढचा आणि कानशिलाकडचा भाग झिजणाऱ्या फ्रंटोटेम्पोरल प्रकारात स्मरणशक्ती बराच काळ शाबूत राहते, आधी वागणे आणि तारतम्य बिघडते. ठाण्याहून वाशीची आणि पनवेलची लोकल एकाच मार्गाने निघते, तुर्भ्यानंतर वाटा फुटतात. रोजचा प्रवासी वरचेवर भलत्या गाडीत बसू लागला, तर तो धांदरटपणा समजून सोडून देऊ नये. कार्यालयात मात्र याला ताण, दारू, नैराश्य, बायकांच्या बाबतीत पाळी जाण्याचे वय अशी कारणे चिकटवली जातात. मेमो निघतात, मग ‘सन्मानाने राजीनामा द्या’ असे सुचवले जाते, आणि गोंधळलेला माणूस सही करून मोकळा होतो.

त्याआधी न्यूरॉलॉजिस्ट, म्हणजे मेंदूविकारांचे डॉक्टर, गाठावे. रक्तात बी-12, थायरॉइड, साखर, सोडियम, एचआयव्ही आणि सिफिलिस, शिवाय मेंदूचा एमआरआय. दहा मिनिटांच्या प्रश्नावलीत शिकलेला माणूस चांगले गुण मिळवून जातो, म्हणून स्मरण, भाषा, नियोजन यांची सविस्तर चाचणी मागावी आणि ती मातृभाषेत व्हावी. बी-12ची कमतरता, मंदावलेली थायरॉइड, नैराश्य, झोपेत श्वास अडकणे, मेंदूत साचलेले पाणी किंवा रक्त यांवर इलाज आहे. वेळ गेली तर यांतले काही नुकसान भरून येत नाही. चालू गोळ्यांची पिशवी सोबत न्यावी, कारण सर्दीच्या, झोपेच्या आणि लघवीवर ताबा ठेवण्याच्या काही गोळ्यांनी बुद्धी आणखी मंदावते. रुग्णाला स्वतःतला बदल अनेकदा जाणवत नाही. म्हणून घरच्यांनी चुकांची तारीखवार नोंद डॉक्टरांच्या हाती द्यावी.

निदानाचा कागद हाती असताना नोकरीत असणे आणि राजीनामा देऊन बसलेले असणे यांत मोठा फरक आहे. अपंग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016च्या कलम 20(4)नुसार सेवेत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला सरकारी आस्थापना काढू शकत नाही किंवा खालच्या पदावर आणू शकत नाही. जमेल ते दुसरे काम त्याच वेतनश्रेणीत द्यावे लागते, पद नसेल तर अधिसंख्य, म्हणजे मंजूर संख्येपेक्षा जादा, पद निर्माण करावे लागते. महापालिकांचे, परिवहन सेवेचे कर्मचारी यात येतात. खासगी कंपन्यांना हे कलम लागू नाही, ही कायद्यातली मोठी उणीव आहे. पण ‘ईएसआय’च्या, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेच्या, विस्तारित आजारलाभाच्या 34 आजारांत स्मृतिभ्रंश आहे. सलग दोन वर्षांची नोकरी आणि 156 दिवसांची वर्गणी असेल तर वेतनाच्या 80 टक्के रक्कम, जास्तीत जास्त दोन वर्षांपर्यंत मिळू शकते. रबाळे-महापे पट्ट्यातल्या किती कामगारांना हे ठाऊक असेल? ईपीएस म्हणजे भविष्यनिर्वाह निधीसोबतच्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेतले कायम व पूर्ण अपंगत्वाचे निवृत्तिवेतन नोकरीत असताना आलेल्या अपंगत्वालाच मिळते. अपंगत्वामुळे नोकरी संपली तर ग्रॅच्युइटीला पाच वर्षांची अट नाही, राजीनाम्याला आहे.

2016च्या अधिनियमातील अपंगत्वांच्या अनुसूचीत स्मृतिभ्रंश नावानिशी नाही. प्रमाणपत्र ‘मानसिक आजार’ या गटात, ‘आयडियाज’ मोजपट्टीवर मिळते. स्वतःची काळजी, लोकांशी वागणे, संवाद आणि काम असे चार भाग त्यात तपासतात. प्रमाणपत्र देणाऱ्या वैद्यकीय मंडळासमोर रुग्ण नीट कपडे करून हसून बोलला, की गुण कमी पडतात. घरी रोज कशात मदत लागते हे लेखी न्यावे.

सुरुवातीच्या काळात अनेकांना काम जमते, फक्त ते बदलावे लागते. पाळ्या बदलत्या नकोत, रात्रपाळी नको. सूचना फोनवर नव्हे, कागदावर, एका वेळी एकच काम, अवघड ते सकाळी. प्रेस यंत्र, फोर्कलिफ्ट, विजेचे पॅनल आणि धनादेशावर सही करणे ही कामे मात्र लगेच काढून घ्यावीत, त्यात भीड बाळगू नये. दर तीन महिन्यांनी पुन्हा पाहावे. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कंपन्यांना आमची विनंती आहे, की चांगल्या कर्मचाऱ्याचे काम अचानक घसरले तर न्यूरॉलॉजिस्टचा अहवाल येईपर्यंत त्याचा राजीनामा स्वीकारू नये.

घरच्यांची सर्वांत महाग चूक मुखत्यारपत्राची. ते केले की निश्चिंती, असे वाटते. पण 1872च्या करार कायद्याच्या कलम 201नुसार, करून देणाऱ्याची मनःस्थिती सुस्थिर राहिली नाही की ते संपते, म्हणजे नेमके गरजेच्या वेळी. नंतर पालक नेमून घेण्यासाठी न्यायालयात जावे लागते. म्हणून समज शाबूत आहे तोवर खाते ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो’ या पद्धतीचे करावे, वारसनोंदी पुऱ्या कराव्यात, डॉक्टरांच्या दाखल्यासह मृत्युपत्र करावे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, 2017नुसार उपचारांबाबतचे अग्रिम निर्देश (पुढे कोणते उपचार हवे-नको हे आधीच सांगणे) आणि नामनिर्देशित प्रतिनिधीही लेखी ठेवावेत. रुग्णाच्या मोबाइलवरचे यूपीआय कमी शिलकीच्या वेगळ्या खात्याला जोडावे. विम्याचे हप्ते मात्र खात्यातून आपोआप जातील अशी सोय आजच करावी, कारण एक हप्ता चुकून पॉलिसी बंद पडली तर या निदानानंतर नवी मिळणे फार कठीण.

आपले,
स्मृतिभ्रंश रुग्णांच्या कुटुंबांचे दोन समुपदेशक,
ठाणे