भुऱ्याने आज वाटी चाटली

ती. आईस,
सा. न.

गेला आठवडाभर फोनवर धड बोलले नाही, रागावू नकोस. भुऱ्याला पार्व्हो, म्हणजे कुत्र्यांना होणारा विषाणूचा आजार, झाला होता. पाच दिवस दवाखान्यात ठेवला होता, काल घरी आणला. आज सकाळी त्याने चमचाभर पातळ खाणं संपवून वाटी चाटली आणि मला रडू आवरेना.

आजार सुरू झाला त्या संध्याकाळी त्याने खाण्यावरून तोंड फिरवलं, रात्री दोनदा ओकला. मला वाटलं, काहीबाही चघळलं असेल. पहाटे शी पाण्यासारखी, त्यात रक्त, आणि तो वास अजून नाकातून जात नाही गं. तसाच उचलला आणि दवाखाना गाठला. डॉक्टरांनी मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली, तर ती तशीच उभी राहिली. अंगातलं पाणी इतकं गेलं होतं.

मग सलाईन, उलटी थांबायचं इंजेक्शन, अँटिबायोटिक. विषाणूला अँटिबायोटिक कशाला, असं मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, हा विषाणू आतड्याचं अस्तर पोखरतो, रक्तातल्या पांढऱ्या पेशीही घटवतो. मग आतड्यातले जंतू रक्तात शिरतात, ते औषध त्यांच्यासाठी. चौथ्या दिवशी पेशी वाढल्या तेव्हा कुठे मला झोप लागली.

आता दर दोन-तीन तासांनी थोडं थोडं भरवते. भूक लागली म्हणून एकदम पोटभर द्यायचं नाही. त्याचं अंथरूण टाकून दिलं. फरशी आधी धुते, मग एक भाग ब्लीच, तीस भाग पाणी करून पुसते आणि दहा मिनिटं ओली ठेवते. सॅनिटायझरने हा विषाणू मरत नाही, घरात-अंगणात महिनोन्महिने टिकतो. अजून दोन आठवडे तरी भुऱ्याला दुसऱ्या कुत्र्यांजवळ न्यायचं नाही.

दादाला हे वाचून दाखवच. एक लस झाली म्हणून त्याने पिल्लाला बाहेर फिरवू नये. भुऱ्याचीही एक झाली होती. आईकडून आलेली प्रतिकारशक्ती अंगात असेपर्यंत लस नीट लागू पडत नाही, म्हणून पिल्लू 16 आठवड्यांचं होईपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी डोस द्यावे लागतात. एकही चुकवू नका. बाहेरच्या चपला पिल्लाजवळ आणू नका, तळव्यांनाही हा विषाणू चिकटून येतो. आणि उलटी-जुलाब दिसले तर माझ्यासारखी रात्र काढू नका, लगेच निघा.

भुऱ्या उठला. पाय अजून लटपटतात, पण वाटीकडेच निघालाय. बाबांना नमस्कार.

तुझी,
धाकटी