पाणी न पिणाऱ्या पट्टीसाठी गोंद

आदरणीय काका,
साष्टांग नमस्कार.

गिटारच्या नेकमध्ये, म्हणजे तिच्या लांब मानेत, तारांच्या ओढीने ती वाकू नये म्हणून बसवतात त्या कार्बन फायबरच्या पट्ट्या कशाने चिकटवायच्या, एवढंच आम्ही विचारलं होतं. तुम्ही उलट विचारलंत, "ती पट्टी पाणी पिते का?" त्या प्रश्नाने अर्धा गोंधळ तिथेच मिटला. नेक घडवणाऱ्या प्रत्येकाला हीच शंका येते, आणि शेजारी तुमच्यासारखं जाणतं माणूस प्रत्येकाला मिळत नाही. म्हणून आभार उघडपणे मानतो आहोत, तुम्ही सांगितलेल्या गोष्टींसकट.

फेव्हिकॉलच्या जातीचा पांढरा गोंद पाणी लाकडात जिरलं की सुकतो. मेपल, महोगनी ते पाणी पितात, कार्बन थेंबभरही पीत नाही. वर तेच पाणी पट्टीसाठी लाकडात कोरलेल्या खाचेच्या भिंती फुगवतं. फिंगरबोर्डाच्या, म्हणजे बोटांनी तारा दाबायच्या फळीच्या, बाजूचं लाकूड फुगलं की नेक मागे वाकते. आणि सततच्या ताणाखाली हा गोंद हळूहळू सरकतो. अकूस्टिक गिटारच्या सहा पोलादी तारा मिळून सुमारे ७० किलोंनी ओढत असतात, रात्रंदिवस. जोड सरकला की पट्टी खाचेत नुसती पडून राहते आणि भार पुन्हा लाकडावर येतो. इन्स्टंट गोंद पट्टी तळाला टेकण्याआधीच धरतो, शिवाय ठिसूळ. पॉलियुरेथेन गोंद फुगून पट्टी वर ढकलतो आणि त्याच्या फेसात ताकद नसते. उरला इपॉक्सी, म्हणजे रेझिन आणि हार्डनर असे दोन भाग कालवून करायचा गोंद, तोही सावकाश घट्ट होणारा. पाच मिनिटांवाला उष्णतेला आणि ओलाव्याला लवकर शरण जातो.

पण तुमचं खरं ऋण पृष्ठभागाच्या तयारीचं आहे. पट्टी साच्यातून ओढून काढलेली असते, तिच्यावर साच्यातून सुटण्यासाठीचा मेणकट थर असू शकतो. तुम्ही क्रम बांधून दिलात: आधी अ‍ॅसिटोनने पुसायचं, मग १२० नंबरच्या वॉटर पेपरने ओलं घासायचं, मग स्वच्छ कापडाने पुन्हा अ‍ॅसिटोन. आधी घासलं तर तोच थर चरांमध्ये रगडला जातो. शेवटी पट्टीवर पाणी टाकून बघायचं. सलग पसरलं तर पट्टी तयार, थेंब गोळा झाले तर पुन्हा पहिल्यापासून. नंतर पूर्ण वाळवायची आणि उघड्या बोटांनी धरायची नाही. ओलं घासण्याने धूळ उडत नाही, तरी मास्क आणि हातमोजे हवेतच. कार्बनची कुसं कातडीत शिरली की दिवसभर चावतात.

खाचेबद्दल आमची समजूत अगदी उलटी होती. घट्ट बसणं म्हणजे मजबूत, असं सुतारकामात मुरलेल्या हाताला वाटतंच. इपॉक्सीला मात्र स्वतःची जागा लागते. ३ मिमी रुंद, ६ मिमी उंच पट्टीला ३.२ ते ३.२५ मिमी खाच द्यावी, म्हणजे दोन्ही बाजूंना सव्वा दशांश मिमीपर्यंत थर राहतो. त्याहून घट्ट खाचेत पट्टी पिस्टनसारखी उतरते, गोंद पुसून वर येतो आणि भिंती कोरड्या राहतात. गोंद खाचेलाही लावायचा आणि पट्टीलाही. मग एका टोकापासून दाबत दुसऱ्या टोकाला जायचं, म्हणजे हवा पुढे सरकत बाहेर पडते. खाच कोरायचं यंत्र, राउटर, लावण्याआधी नटजवळचा (नेकच्या वरच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीजवळचा) आडवा छेद कागदावर काढायलाच हवा. मध्यापासून १० मिमीवर नेकची पाठ वळायला लागलेली असते, आणि ९.५ मिमी उंचीची पट्टी निवडली तर पाठ तासताना कार्बन उघडा पडू शकतो.

मापाचंही तसंच. ४५० मिमीच्या दोन पट्ट्यांना प्रत्यक्षात २ मिलीहून कमी गोंद लागतो, पण तेवढाच कालवला तर वजनातली छोटी चूकही मोठी ठरते. म्हणून किमान १० ग्रॅम. अ‍ॅराल्डाइट २०११ हा इपॉक्सी घेतला तर आकारमानाने १:१, वजनाने मात्र १००:८०, म्हणजे रेझिन ५.६ ग्रॅम आणि हार्डनर ४.४ ग्रॅम. काट्यावर दोन्ही सारखे घेतले तर हार्डनर जास्त होतो. जास्तीच्या हार्डनरने गोंद लवकर घट्ट होत नाही, उलट मऊ राहतो. पावसाळ्यात काही इपॉक्सींवर हवेतल्या ओलाव्याने आणि कार्बन डायऑक्साइडने चिकट साय येते. ती कोमट पाण्याने धुवायची आणि मगच पट्टीची वरची बाजू घासून फिंगरबोर्ड लावायचा, ही सूचना कोकणात काम करणाऱ्याने भिंतीवर लिहून ठेवावी.

क्लॅम्प लावताना नेक सपाट ठोकळ्यावर हवी. वाकलेल्या नेकमध्ये इपॉक्सी घट्ट झाला तर तो वाक कायमचा, ट्रस रॉडनेही (नेकचा वाक सुधारायला आत बसवलेल्या धातूच्या सळईनेही) धड निघत नाही. ट्रस रॉडची खाच आधी टेपने बंद करायची, नाहीतर गोंद आत ओघळून रॉड जाम होतो.

तुमची शेवटची परीक्षा आता आमच्या टेबलावरून हलत नाही. प्रत्येक नेकबरोबर पट्टीचा ५० मिमी तुकडा त्याच लाकडाच्या टाकाऊ ठोकळ्यावर त्याच कालवणीने चिकटवायचा आणि आठवड्याने पटाशीने उखडायचा. कार्बन चकचकीत निघाला तर तयारीत चूक. सध्या तुकडे लाकडाचे धागे घेऊनच निघतात. एक तुकडा या पत्रासोबत ठेवला आहे.

आपली,
नेक घडवणारी मंडळी