गोळी घेईपर्यंत स्टुलावर बसून राहिलेल्या डॉक्टरसाहेबांना

आदरणीय डॉक्टरसाहेब,

आईला घरी आणून आज बारावा दिवस. टाके सुकलेत, सूज नाही. समोर बसून बोलायला गेले तर रडूच येईल, म्हणून लिहिते.

आईच्या हृदयात कृत्रिम झडप आहे, त्यामुळे वॉरफरिन, म्हणजे रक्त पातळ ठेवायची गोळी, जन्माची. २०१६ साली पहिला पेसमेकर बसवला तो दुसऱ्या शहरात, मोठ्या नावाच्या दवाखान्यात. तिथं गोळी पाच दिवस बंद केली आणि पोटात हेपारिनची इंजेक्शनं सुरू केली, तीही रक्त पातळ करणारीच. ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी गळपट्टीच्या हाडाखाली कवठाएवढी सूज आली, दंड काखेपर्यंत काळानिळा पडला. आई म्हणत होती, "जरा बघा की हो." फाईलमधून मान वर न करता उत्तर आलं, "रक्त पातळ करायची गोळी खाता ना, मग असं होणारच." शेवटी जखम पुन्हा उघडून साठलेलं रक्त काढावं लागलं. जंतुसंसर्ग झाला नाही, ही अंबाबाईची कृपा.

तेव्हापासून आईच्या मनात एकच बसलं होतं, की त्या गोळीनं घात केला.

आता पेसमेकरची बॅटरी संपत आली, म्हणजे तारा जुन्याच ठेवून आख्खी डबी बदलायची. कागलहून कोल्हापूरला येताना आई एसटीत एक शब्द बोलली नाही. आणि तुम्ही तर म्हणालात की गोळी चालूच ठेवायची! आदल्या रात्री सिस्टरनी गोळी दिली, आईनं मूठ मिटली ती उघडेचना. मी रागावले, सिस्टरनी समजावलं, काही उपयोग नाही. घरी निघालेले तुम्ही, खांद्याला बॅग तशीच, आत आलात. स्टूल ओढून बसलात आणि म्हणालात, "मावशी, मागल्या वेळी काय झालं ते सांगा बघू. पहिल्यापासनं."

साहेब, इतक्या वर्षांत हे तिला कुणी विचारलंच नव्हतं. मीसुद्धा नाही.

ती बराच वेळ बोलत राहिली. तुम्ही घड्याळाकडे बघितलं नाहीत. तिचं संपल्यावर एवढंच म्हणालात, "मावशी, त्या वेळी गोळी बंदच होती की. चालू होती ती पोटातली इंजेक्शनं." आई तुमच्याकडे बघतच राहिली. मग तुम्ही तिची मूठ हलकेच सोडवलीत. घामानं गोळी विरघळायला लागली होती. दुसरी मागवलीत, पाण्याचा पेला स्वतः धरलात. "घ्या सावकाश, मी हितंच हाय." तिनं गिळली, तरी तुम्ही लगेच उठला नाहीत.

बाहेर आल्यावर मला तुम्ही कॅनडातल्या अभ्यासाबद्दल सांगितलंत. ६८१ रुग्ण होते. गोळी थांबवून हेपारिन दिलेल्यांत शंभरात सोळा जणांना असं रक्त साठलं, गोळी चालू ठेवलेल्यांत शंभरात साडेतीन जणांना. गोळी नुसती बंद करावी, तर झडपेवर रक्ताची गाठ धरायची भीती. हा अभ्यास छापून आला २०१३ साली. म्हणजे आईची छाती काळीनिळी झाली, त्याच्या तीन वर्षं आधी! अभ्यास वाचायचा राहिला असेल एक वेळ, पण पेशंटकडे मान वर करून बघायला कुठला अभ्यास लागत होता?

प्रत्येकाचा हिशेब वेगळा, हेही तुम्ही बजावलंत. शेजारच्या खाटेवरच्या काकांना कृत्रिम झडप नव्हती, रक्त पातळ करायची गोळी नव्या प्रकारची होती, त्यांची दोन दिवस थांबवलीत. आईचा आयएनआर, म्हणजे रक्ताला गोठायला किती वेळ लागतो त्याचं माप, त्या सकाळी २.८ आला, तेव्हा तुम्ही स्वतः येऊन तिला आकडा सांगितलात, मला नाही. ज्याचं शरीर त्याला आधी सांगायचं, हे मी तुमच्याकडे पाहिलं. रात्रपाळीच्या सिस्टर आणि वॉर्डातले मामासुद्धा तिच्याशी तसेच वागले. वरचा माणूस नीट वागला की खालपर्यंत तसं झिरपत असावं.

आई आता गोळी चुकवत नाही. रात्री आठ वाजले की पेला भरून घेते आणि मला म्हणते, "स्टूल घे, बस जरा."

मी बसते.

तुमची ऋणी,
मावशींची मुलगी, कागल