पियानोचं अजून ठरत नाहीये

ती. आई-बाबा,
सा. न.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात की एवढं काय बघत बसलीयस, चिऊसाठी यामाहाचा पियानो घे आणि मोकळी हो, कमी पडले तर एफडी मोडतो. तेव्हा मी तुटक बोलले कारण चिऊला क्लासला सोडायचं होतं आणि खाली रिक्षा हॉर्न मारत होती. म्हणून आता निवांत लिहितेय. एफडी मोडायची नाही, हे पहिलं.

यामाहा तुम्हाला आवडणारच, कारण त्या माणसाची सुरुवात आपल्या पेटीच्या भावकीतूनच झालीय. तोराकुसु यामाहा नाव. 1887 मध्ये जपानात हामामात्सुच्या एका शाळेतला रीड ऑर्गन बिघडला, तो याने दुरुस्त केला आणि मग स्वतःच बनवायला लागला, म्हणजे भाता, सूर, सगळं आपल्या ओळखीचं. पियानो नंतर, 1900 मध्ये. आणि कावाई म्हणजे त्याच गावातला, त्याच्याच हाताखाली शिकलेला माणूस, त्याने 1927 मध्ये वेगळी चूल मांडली. आता दोघांचे पियानो शोरूममध्ये शेजारी शेजारी उभे असतात आणि विकणारा आपल्याला विचारतो मॅडम कुठला :)

मी दोन्ही वाजवून बघितले, म्हणजे चिऊने वाजवले आणि मी ऐकले. यामाहाचा यू-वन, 121 सेंटीमीटर उंच, आवाज एकदम लख्ख, वरच्या सप्तकात तर टाळासारखा. कावाईचा के-300 जरा मऊ, खर्ज भरलेला. मला कावाई आवडला, चिऊला यामाहा, ह्यांना दोन्ही सारखेच वाटले आणि ते किमतीचा कागद बघत बसले. दोन्हीची किंमत चांगल्या गाडीएवढी आहे हो. स्टाइनवेचं तर नावही काढायचं नाही, तिथे गाडी नाही, घर विकावं लागेल.

पण खरा प्रश्न नावाचा नाहीच, गोव्याच्या पावसाचा आहे. पियानोत साधारण 230 तारा असतात आणि सगळ्यांचा मिळून ताण 18-20 टनांच्या घरात. तो ताण लोखंडी चौकट धरून ठेवते, पण मागचा साउंडबोर्ड, म्हणजे आवाज घुमवणारी फळी, लाकडाचा, तो दमट हवेत फुगतो आणि सूर हलतो, त्यामुळे वर्षातून दोनदा तरी ट्यूनर आणायचा. आतली यंत्रणाही बरीचशी लाकडाचीच. कावाईवाल्यांनी त्यातले बरेच भाग कार्बन मिसळलेल्या प्लास्टिकचे केलेत, ते फुगत नाहीत. ऐकायला हलकं वाटतं ना, प्लास्टिक म्हणजे? मलाही वाटलं होतं. मग साळगावचा तो पियानो बघितला.

टीचरच्या ओळखीने गेलो होतो, जुनं घर, पुढे बसायच्या ओट्याचं बाल्कांव, आत एक म्हातारी बाई एकटीच. पियानो जर्मन, नाव अर्धं पुसलेलं. मी मधला सा दाबला आणि बोट उचललं तर पट्टी खालीच, मग एकदम सावकाश वर आली, पावसात आपल्या मागच्या दाराचं होतं ना तसं. खालची फळी काढली तर आत एक छोटा बल्ब पेटता, हवा कोरडी राहावी म्हणून त्या तो पावसाळाभर चालू ठेवतात, आणि तरी तारांवर गंज आणि हातोड्यांचं फेल्ट कसरीने खाल्लेलं. बाई म्हणाल्या न्या, जपा म्हणजे झालं. पैशाचं त्या बोलल्याच नाहीत. आई, मला तिथून निघवेना. पण ट्यूनर म्हणाला खुंट्या सैल झाल्यात, आज सुरात लावला तर आठवड्यात उतरेल. नाही घेतला.

मधे एकाने स्वस्तातला नवा दाखवला, रिटम्युलर, 1795 पासूनचं जर्मन घराणं म्हणून. घरी येऊन वाचलं तर नाव जर्मन पण बनवतात आता चीनमध्ये ग्वांगझूला, पर्ल रिव्हरवाले. वाईट असेल असं नाही, ते पर्ल रिव्हर म्हणूनही विकतातच की, पण मग तसंच सांगावं ना. डिजिटल पण बघितला, 88 पट्ट्या, ट्यूनिंगची कटकट नाही, हेडफोन लावला की शेजारी खूश. चिऊ म्हणाली आई हा टीव्हीसारखा वाजतो. शिवाय आमच्याकडे पावसात लाईट किती टिकते तुम्हाला माहितीच आहे.

तर माझं मन सेकंड हँड कावाईवर आलंय. एक आहे मडगावात, सिरियल नंबरवरून वर्ष कळतं म्हणतात, ते मी काढतेय, नंबरचा फोटो मागवलाय. आणि बाबा, पैसे नकोत पण कान हवेत. तुम्ही पेटीचे सूर स्वतः घासून लावता, भजनात कोण कुठे उतरला ते डोळे मिटून सांगता, मला एवढं कळत नाही. शनिवारी सकाळच्या कदंबा बसने या, दोघंही. आई, त्यांच्याकडे लिफ्ट आहे, मी विचारून ठेवलंय, गुडघ्याचं कारण चालणार नाही. खाली तळाशी पोचलात की फोन करा. आणि सोलं संपलीत माझी, असतील तर थोडी आण.

तुमची,
बेबी