पुण्याचा खण

सदाशिव पेठ, पुणे

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

आकाशातल्या क्ष-किरण स्रोतांचे प्रकार ओळखणाऱ्या तुझ्या प्रोग्रॅमबद्दल काल फोनवर तू ‘शंभरात ९५ बरोबर येतात’ म्हणालीस आणि मी ‘छान’ म्हणून मोकळा झालो. मग रात्रभर तेच डोक्यात.

आर.एम.एस.मध्ये, म्हणजे रेल्वेच्या टपाल सेवेत, सॉर्टिंगला होतो तेव्हा एक नवा पोरगा आला होता. पत्ता लागला नाही की पत्र सरळ पुण्याच्या खणात. गठ्ठ्यात बहुतेक टपाल पुण्याचंच, त्यामुळे तो चुकायचा क्वचित. पकडला जायलाही म्हणूनच वेळ लागला. तुझ्या शंभर स्रोतांतले ९५ जर दूरच्या दीर्घिकांमधली कृष्णविवरंच असतील, तर डोळे मिटून सगळ्यांना तेच नाव देणाराही ९५ मार्क मिळवेल! तेव्हा उरलेल्या जोडताऱ्यांपैकी किती हाती लागले, तेवढं वेगळं सांग.

दुसरं, आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत विज्ञान दिनाला पोस्टरपुढे उभं राहून तूच मला मृदू (कमी ऊर्जेच्या) आणि कठोर (जास्त ऊर्जेच्या) क्ष-किरणांचं गुणोत्तर समजावलं होतंस, ज्यावरून स्रोताचा प्रकार ओळखायचा. पण एखाद्या ठिपक्याकडून १०च फोटॉन आले, तर मोजणीच तीनेकाने इकडेतिकडे; त्यात पुन्हा दोन वाटे घालायचे. शिवाय वाटेतला वायू आणि धूळ आधी मृदू किरणच गिळते, म्हणजे मूळचा मृदू स्रोतही कठोर दिसणार. पावसात भिजलेल्या पाकिटासारखंच हे. आणि प्रोग्रॅमला शिकवलंस ते ओळखीच्या, ठळक स्रोतांवर, विचारतेस मात्र फिक्यांबद्दल. सुवाच्य अक्षरावर तयार झालेल्याला डॉक्टरची चिठ्ठी द्यावी, तसं.

आमच्याकडे न लागणारी पत्रं शेवटी रिटर्न्ड लेटर ऑफिसला जायची. तुझ्या प्रोग्रॅमला तसा खण आहे का? १९६२ साली रॉकेट सोडलं ते चंद्राचे क्ष-किरण शोधायला, आणि सापडला वृश्चिकेतला भलताच झगझगीत स्रोत. तेव्हा कुणाकडे त्याच्यासाठी खण होता?

तुमचा तो तक्ता पाठव: ओळीत खरा प्रकार, रकान्यात प्रोग्रॅमने दिलेला. टक्के नकोत, आकडे हवेत. मोबाइलवर मला दिसत नाही, छापून टपालानेच धाड. आणि पिनकोड लिही, ४११०३०. मागच्या पाकिटावर विसरली होतीस.

तुझे,
बाबा