संज्या, गाडी तापायची थांबली

पुणे
रविवार, रात्रीचे साडेदहा

प्रिय संज्या,

फोनवर तू तीनदा विचारलंस गाडीचं काय झालं, आणि तिन्ही वेळा मी "सांगतो रे निवांत" म्हणून ठेवून दिला, कारण गोष्ट लांबलचक आहे आणि तुला मधे बोलायची खोड आहे. पत्रात तुला मधे बोलता येत नाही. म्हणून पत्र.

तर आपली टाटा मोबाइल. (परवा शेजारच्या पोराला सांगितलं टाटा मोबाइल रिपेअर करतोय, तर म्हणतो काका टाटांनी फोन कधी काढला? आता याला कुठं सांगत बसू की १९८८ साली या नावाची पिकअप आली आणि ती इथंच पिंपरीत बनायची.) अण्णा गेल्यावर ती तीन वर्षं नुसती उभीच होती, मग मी बॅटरी टाकली, डिझेलचे फिल्टर बदलले आणि ती सुरू झाली, तेवढ्यावर मला वाटलं झालं, आता सासवडच्या शेतावर ये-जा करायला आपली हक्काची गाडी.

एप्रिलमधे मागं ठिबकचे पाइप आणि खताच्या गोण्या टाकून निघालो. हडपसरच्या ट्रॅफिकमधे अर्धा तास रखडलो तरी इंजिनाच्या तापमानाचा काटा मधेच, एकदम शहाण्यासारखा. दिवे घाट सुरू झाला आणि दोन वळणांनंतर काटा वर सरकायला लागला, मस्तानी तलाव खाली दिसायला लागतो ना तिथवर येईपर्यंत लाल पट्ट्यात, आणि बॉनेटच्या फटीतून वाफ. गाडी कडेला घेतली, बंद केली. एक भला माणूस बाइक थांबवून गार पाण्याची बाटली घेऊन धावत आला, डायरेक्ट इंजिनावर ओतायला! मी त्याचा हात धरला. तापलेल्या हेडवर, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागावर, गार पाणी पडलं की हेडला तडा जाऊ शकतो, आणि गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडलं तर उकळतं पाणी तोंडावर. चाळीस मिनिटं दगडावर बसून राहिलो.

तिथूनच तुला फोन केलावता आणि तू म्हणालास, "थर्मोस्टॅट काढून टाक, आपल्याकडच्या हवेत तो लागतच नाही." आठवतंय का? मी ऐकलं. इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवून धरणारी ती झडप घरी येऊन काढली. आणि पुढच्या रविवारी गाडी परत तापली, आधीपेक्षा एक वळण अलीकडेच!

हे असं का, ते नंतर कळलं. थर्मोस्टॅट नुसतं पाणी अडवायला नसतो. माझ्या हातात होता त्याला खाली अजून एक चकती आहे. पूर्ण उघडला की ती चकती बायपासची, म्हणजे रेडिएटर टाळून पाणी परत इंजिनात नेणारी वाट बंद करते, म्हणजे सगळं गरम पाणी रेडिएटरकडे जातं. थर्मोस्टॅटच काढला तर बायपास कायमचा उघडा, मग थोडं पाणी रेडिएटरकडे न जाता इंजिनातच गोल गोल फिरत राहतं, गरमच्या गरम. शिवाय थंडीत इंजिन लवकर तापत नाही ते वेगळंच. तुझ्यासारखे सल्ले देणारे मिस्त्री प्रत्येक चौकात आहेत रे, तू एकटा नाहीस.

मग मी काढलेला थर्मोस्टॅट खरंच खराब होता का ते बघायचं ठरवलं. हिचं दुधाचं पातेलं घेतलं (न विचारता, त्यावरून नंतर जे व्हायचं ते झालं), त्यात तो दोऱ्याला बांधून मधोमध लोंबकळत ठेवला, तळाला टेकू द्यायचा नाही, आणि थर्मामीटर घेऊन गॅसपाशी उभा. त्यावर ८२ कोरलेलं असतं. ८०, ८१, ८२ आणि बरोब्बर ८३ ला कडेला एक बारीक फट पडली, मग ती हळूहळू रुंदावत ९५ च्या आसपास पूर्ण उघडा. गॅस बंद केल्यावर तसाच सावकाश मिटला. मी दोनदा करून बघितलं, दुसऱ्यांदा नुसतं मजा म्हणून. पाणी ९८ लाच खळाखळा उकळायला लागलं तेव्हा मला वाटलं थर्मामीटर बोगस, तर चिरंजीव म्हणाले, बाबा पुणं ५६० मीटर उंचीवर आहे, इथं १०० पर्यंत जातच नाही. फी भरतोय त्याचं चीज झालं.

म्हणजे थर्मोस्टॅट निर्दोष. नवीन गॅस्केट आणून तो परत जागेवर बसवला.

मग संशय रेडिएटरवर. अण्णा असताना डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट काटेकोर घालायचे, पण मधल्या काळात कुणीतरी, आणि तो कुणीतरी मीच, सोसायटीच्या टँकरचं बोअरचं पाणी ओतत होता. आमच्या गिझरची कॉइल दर दीड वर्षाला पांढरी फटक होते, तोच क्षार इकडे नळ्यांत. नाना पेठेत एका चाचांकडे दिला. त्यांनी वरची टाकी डाख काढून उघडली, आणि मला बोलावून दाखवलं, नळ्यांच्या तोंडाशी चुन्यासारखा थर, तिसरा हिस्सा नळ्या तर बंदच. जुना तांब्या-पितळेचा रेडिएटर म्हणून एकेका नळीत सळई घालून रॉडिंग करता आलं, आजकालच्या प्लॅस्टिक टाकीवाल्याला हे होत नाही. १८०० रुपये घेतले. झाकणाचं रबर फाटलेलं तेही त्यांनीच दाखवलं. झाकणावर ०.९ (बार) लिहिलेलं असतं, तेवढा दाब धरला तर नुसतं पाणीसुद्धा ११७-११८ पर्यंत उकळत नाही, आणि रबर फाटलं की आपलं ते ९८.

आता वाटलं संपलं. पुन्हा दिवे घाट. पुन्हा काटा वर! लाल पट्ट्याच्या जरा खाली थांबला एवढाच फरक. खरं सांगतो, तिथं मी गाडी विकायचं नक्की केलं. हेडखालचं गॅस्केट गेलं असणार आणि ऑइलमधे पाणी मिसळलं असणार म्हणून डिपस्टिक काढून बघितली, ऑइल काळं पण स्वच्छ, चहासारखं दुधाळ नाही, रेडिएटरमधे बुडबुडेही नाहीत.

घरी आल्यावर अण्णांचं एक बोलणं आठवलं. ते म्हणायचे, ट्रॅफिकमधे तापली तर हवा बघ, चढावर तापली तर पाणी बघ. म्हणजे उभ्या गाडीला पंख्याचाच आधार, आणि इंजिन जोरात फिरताना खरा प्रश्न पाणी नीट फिरतंय का. आपली तर हडपसरला गार आणि घाटात लाल! पहिल्याच दिवशी गाडीनं उत्तर दिलेलं आणि मी तुला फोन करत बसलो.

म्हणून काल संध्याकाळी गाडी गरम केली, चिरंजीवांना ॲक्सिलरेटरवर बसवलं, आणि मी टॉर्च घेऊन, शर्टाच्या बाह्या नीट वर करून, पंख्यापासून लांब राहून खालच्या होजकडे, म्हणजे रेडिएटरच्या तळातून इंजिनाकडे पाणी नेणाऱ्या रबरी नळीकडे, बघत उभा. आयडलला होज गुबगुबीत. "दे" म्हटलं. त्यानं रेस दिली आणि होज मधून चप्प! प्यायची मस्तानी घट्ट असली की कागदी स्ट्रॉ कसा चिकटतो, अगदी तसा. रेस सोडली की परत फुगला. मी त्याला पाच-सहा वेळा करायला लावलं, विश्वासच बसेना.

खालचा होज पंपाच्या ओढणाऱ्या बाजूला असतो ना, त्यात आतून एक स्प्रिंग असते, होज चपटा होऊ नये म्हणून. होज काढला तर आत स्प्रिंगच नाही, नुसता गंजाचा भुगा आणि तारेचे दोन तुकडे. रबर बाहेरून नवंकोरं दिसत होतं, म्हणून एवढे दिवस कुणी हात लावला नाही, मीपण नाही, चाचांनीपण नाही. नवा होज स्प्रिंगसकट ३५० रुपयांना.

आज सकाळी अर्धं कूलंट अर्धं डिस्टिल्ड वॉटर भरलं, झाकण उघडं ठेवून इंजिन चालवलं आणि अडकलेली हवा निघेपर्यंत होज दाबत बसलो. मग तेवढ्याच गोण्या मागं टाकून, दुपारी दीडच्या उन्हात, मुद्दाम, दिवे घाट. सेकंड गिअरमधे एका ट्रकच्या मागं रांगत वर गेलो. काटा मधल्या रेघेच्या केसभर वर गेला आणि तिथंच राहिला. वर पोचल्यावर मी गाडी बंद न करता पाच मिनिटं नुसता काट्याकडे बघत बसलो, ही म्हणाली आता उतरणार आहात की त्याला ओवाळू?

सीताफळं लागली की ये, तुला मागच्या हौद्यात बसवूनच नेतो, पूर्वीसारखं. वहिनींना पुढं जागा आहे. आणि थर्मोस्टॅट विनाकारण काढायला लावलास त्या गॅस्केटचे ८० रुपये तुझ्या नावावर मांडलेत, येताना सुटे आण.

तुझा,
दिल्या